खेळण्यांच्या कपाटाची किल्ली

आजच्या धाग्याचा विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. घरातील मुलांची खेळणी ठेवायची कोठे? लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न रोज संध्याकाळी उपस्थित होतो आणि बहुधा रागावूनच सोडवला जातो. सारी खेळणी एका मोठ्या टोपलीत कोंबली जातात, टोपली पलंगाखाली सरकते, आणि दुसऱ्या दिवशी एका मोटारीच्या हरवलेल्या चाकासाठी ती पुन्हा फरशीवर पालथी होते.

या प्रश्नाला इतिहास आहे. त्यात रोममधील एक दरिद्री वस्ती आहे, भावनगरचे एक वकील आहेत, आणि डहाणूजवळची एक टेकडीही आहे. त्या साऱ्यांना जोडणारी वस्तू म्हणजे कपाटाची किल्ली.

आरंभ आपल्या जुन्या घरापासून करू.

जुन्या मराठी घरात खेळणी दोन प्रकारची असत. पहिली फुकटची: चिंचोके, सागरगोटे, कवड्या, गोट्या, चिंध्यांची बाहुली, मातीचे बैल. यांची साठवण मुलांकडेच असे. परकराच्या ओच्यात, बटव्यात, खिशात किंवा माजघरातल्या खालच्या कोनाड्यात. दुसरी खेळणी विकतची: सावंतवाडीच्या चितार आळीतून आलेली लाखेच्या रंगाची लाकडी फळे, पितळेची भातुकली, चिनी मातीच्या बाहुल्या. ही फडताळात किंवा माळ्यावरच्या पेटीत बंद असत. चैत्रगौरीच्या आराशीत ती मांडली जात, हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्यांचे कौतुक करीत, आणि आरास उतरली की ती पुन्हा पेटीत जात. किल्ली आजीच्या कनवटीला.

या व्यवस्थेला नावे ठेवण्याचे कारण नाही. वस्तू दुर्मीळ होत्या, त्या पुढच्या पिढीला पोचवायच्या होत्या, आणि आज ज्या घरांत पणजीची भातुकली शाबूत आहे ती या कडीकुलपामुळेच आहे. पण तिच्यातला एक नियम ध्यानात ठेवावा. वस्तू जितकी मौल्यवान, तितकी ती मुलाच्या हातापासून उंच. शाळांतही तोच नियम होता. युरोपातल्या शाळाही त्याला अपवाद नव्हत्या.

आता रोमला जाऊ. शहराच्या एका कडेला सान लोरेन्झो नावाची वस्ती होती. घरबांधणीची तेजी ओसरल्यावर तिथल्या इमारती अर्धवट पडून राहिल्या होत्या आणि त्यांत अत्यंत गरीब कुटुंबे दाटीने राहत होती. एका गृहनिर्माण कंपनीने त्या दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर जात. मागे राहिलेली लहान मुले जिने आणि नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करीत. कंपनीने त्यावर उपाय काढला की मुलांना एका खोलीत एकत्र सांभाळावे. शिक्षणाचा थोर हेतू येथे नव्हता, प्रश्न भिंतींचा होता!

या कामासाठी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांना बोलावण्यात आले. ६ जानेवारी १९०७ रोजी ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे बालगृह, सुरू झाले. मुले पन्नास-साठ, वय साधारण तीन ते सहा. शाळेसाठी म्हणून स्वतंत्र पैसा मंजूर नव्हता. एखाद्या कचेरीला लागावे तितपतच सामान मिळाले, असे मॉन्टेसरींनी पुढे लिहून ठेवले आहे. त्या सामानात एक मोठे कपाट होते. मुलांनी हाताळावयाचे सारे साहित्य त्यात कुलपात असे. बाईंनी सकाळी ते काढून वाटायचे, काम झाले की गोळा करून पुन्हा कपाटात ठेवायचे.

मॉन्टेसरींच्या ध्यानात एक गोष्ट आली. साहित्य परत ठेवताना मुले बाईंच्या मागोमाग कपाटापर्यंत जात. जागेवर बसण्यास सांगितले तरी पुन्हा येत आणि कोणती वस्तू कोठे जाते ते एकटक पाहत. बाईंना हा अवज्ञेचा प्रकार वाटला.

मग एके दिवशी बाईंना यावयास उशीर झाला आणि आदल्या दिवशी त्या कपाटाला कुलूप लावण्यास विसरल्या होत्या. त्या आल्या तेव्हा कपाट उघडे होते. काही मुले त्याच्यापुढे उभी होती, काही हवी ती वस्तू उचलून आपल्या जागी नेत होती. बाईंच्या मते ही सरळ चोरी होती आणि शिक्षा व्हायला हवी होती. मॉन्टेसरींनी याचा वेगळा अर्थ लावला. कोणती वस्तू कोठे असते हे मुलांना पाठ झाले आहे आणि आपल्याला कोणती हवी हेही त्यांना कळते, असे त्यांनी मानले. उंच कपाट गेले. त्याच्या जागी मुलाच्या उंचीची बुटकी कपाटे आली आणि वस्तू निवडण्याचे काम मुलांकडे आले.

शिक्षणशास्त्राच्या इतिहासात या प्रसंगाचा उल्लेख स्वातंत्र्याच्या संदर्भात होतो. मला त्यातील सुतारकामाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. कपाट बुटके केले एवढ्याने भागले नाही. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली राहिली, आणि प्रत्येक वस्तू वर्गात एकच ठेवली गेली. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा एकाच मुलाला मिळणार. दुसऱ्याने तो परत जागेवर येईपर्यंत थांबायचे. त्यामुळे वस्तू जागेवर ठेवणे ही केवळ बाईंची आज्ञा राहिली नाही. तिच्यावर दुसऱ्या मुलाचा खेळ अवलंबून राहू लागला. काम जमिनीवर मांडावयाचे तर आधी लहानशी चटई अंथरावयाची. पसारा चटईच्या कडेपाशी संपतो. आवराआवरीच्या साऱ्या युक्त्यांत ही चटईची युक्ती मला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हुशारीची वाटते.

सान लोरेन्झोत आणखी एक गोष्ट घडली. श्रीमंत हितचिंतकांनी मुलांसाठी उंची बाहुल्या आणि खेळण्यातली भांडी पाठवली. मुले ती थोडा वेळ पाहत आणि पुन्हा ठोकळ्यांकडे वळत. यावरून मॉन्टेसरींनी खेळण्यांविषयी काढलेला निष्कर्ष जरा अधिकच कडक आहे. बाहुली आणि भातुकली यांनी मुलाचे मन घडते, हे नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र भरमसाट वस्तूंपुढे मूल गोंधळते आणि मोजक्या वस्तूंपुढे रमते, हे निरीक्षण कोणत्याही घरात पडताळून पाहता येते.

ही पद्धती भारतात आली ती गुजरातेतून. वकिली सोडून शिक्षक झालेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. गुजराती मुले त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. मध्यमवर्गीय मराठी मुलाला बुटके कपाट प्रथम दिसले ते अशा बालमंदिरांतून.

स्वतः मॉन्टेसरी १९३९ च्या नोव्हेंबरात मद्रासला आल्या. गिजुभाई त्याच वर्षी जूनमध्ये निवर्तले होते. ज्या दोघांची भेट व्हायला हवी होती ती राहूनच गेली. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरला आणि भारतातील इटालियन नागरिक शत्रुपक्षाचे ठरले. मॉन्टेसरींना अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात स्थानबद्ध करण्यात आले. त्यांचे पुत्र मारिओ यांची रवानगी झाली ती अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत. मुलांच्या कपाटाचे कुलूप काढणाऱ्या बाईंचा स्वतःचा मुलगा आपल्या नगरला बंदिस्त होता. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, मॉन्टेसरींच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्याला सोडण्यात आले. किल्लीचा विषय निघालाच आहे म्हणून हे थोडे विषयांतर.

आता खर्चाच्या प्रश्नाकडे वळू. मॉन्टेसरी साहित्य काटेकोर मापाचे असते. दहा ठोकळ्यांपैकी एक जरी दोन मिलिमीटर चुकला तरी मनोऱ्याचा हेतू फसतो. त्यासाठी चांगले लाकूड हवे, कसबी सुतार हवा. दादरच्या पालकांना हे परवडले असेल, पण खेड्यातल्या आणि पाड्यावरच्या मुलांचे काय? गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धती भारतात सुखवस्तूंची होऊ लागली होती, आणि हे ताराबाईंना सलत होते.

१९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई शिक्षिका झाल्या होत्या आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी याच कामाला दिले. बोर्डीत पहिला अनुभव आला तो असा की मुले बालवाडीकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी या कल्पनेचे मूळ येथे आहे. शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तो शब्द देशभर गेला.

अंगणात कपाट कोठून आणणार? आणि त्यात ठेवायचे काय? बोर्डीत याचे उत्तर भोवतालच्या परिसरातून आले. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, फुले, माती. लहानमोठे ओळखायला शिंपले, मोजायला बिया, रंग ओळखायला फुले. १९५७ मध्ये हे केंद्र डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांमध्ये काम वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली. या मुलांकडे भिंतही नव्हती आणि कोनाडाही नव्हता. म्हणून वस्तू अशी निवडायची की जी एका टोपलीतून नेता येईल, आणि हरवली तर दुसऱ्या दिवशी तेथेच पुन्हा सापडेल. ज्या वस्तूच्या हरवण्याची भीती नाही, तिला कुलूप लागत नाही. मोठ्या माणसाच्या हातातली किल्ली कोसबाडला निरुपयोगी ठरली.

रोमच्या कपाटाने वस्तू मुलाच्या उंचीवर आणली, बोर्डी-कोसबाडने तीच वस्तू गरिबाच्या ऐपतीत आणली. शासनाने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण दिले. आपल्या घरांनी मात्र त्यांच्याकडून फारसे उचललेले दिसत नाही. आज ‘मॉन्टेसरी शेल्फ’ या नावाने बाजारात जे मिळते, त्याची किंमत पाहून सान लोरेन्झोतील पालक चक्कर येऊन पडले असते.

घरी हे कमी खर्चात कसे साधावे, असे काही वाचकांनी मागील धाग्याखाली विचारले होते, म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो. भिंतीलगत चार विटा आणि एक जाड फळी पुरते. दोन फळ्यांपेक्षा उंच जाऊ नये. मूल धरून उभे राहते तेव्हा हलणारी रचना घातक, म्हणून फळी भिंतीला कोन लावून पक्की करावी आणि जड वस्तू खाली ठेवावी. फळीवर एका वेळी आठ-दहा गोष्टींपेक्षा अधिक नकोत. बाकीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर. दोन-तीन आठवड्यांनी वरच्या खाली आणि खालच्या वर कराव्यात. आजीच्या पेटीचा उपयोग येथे आहेच, फक्त पेटी वर्षातून एकदा न उघडता महिन्यातून दोनदा उघडायची.

सुटे तुकडे असलेल्या खेळांना प्रत्येकी एक डबा. श्रीखंडाचे रिकामे डबे, चपलांची खोकी, पापडाच्या बरण्या, जुन्या साडीच्या शिवलेल्या पिशव्या, काहीही चालते. न वाचणाऱ्या मुलासाठी डब्यावर नाव लिहून उपयोग नाही. त्यातलाच एक तुकडा बाहेर चिकटवावा किंवा चित्र काढावे. फळीवर त्या डब्याच्या जागीही तेच चित्र. करवंट्या घासून गुळगुळीत केल्या तर बिया निवडायला त्यांच्यासारखी वाटी नाही. चिंचोक्यांना कीड लागते, म्हणून ते उन्हात खणखणीत वाळवून मगच बरणीत भरावेत. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर मणी, चिंचोके, गोट्या यांची बरणी मात्र उंचावरच राहू द्यावी. एवढ्यापुरती किल्ली मोठ्यांकडे असणे योग्यच.

आणि चटई विसरू नका. जुन्या चादरीचा चौकोन शिवला तरी पुरे.

एक शंका हमखास येते: बुटक्या कपाटाची ही कल्पना मॉन्टेसरींच्या आधी कोणाला सुचलीच नव्हती काय? खेळणे परत पेटीत ठेवणे हा खेळाचाच भाग असावा, असे त्यांच्या आधी सुमारे सत्तर वर्षे एका जर्मन माणसाने ठरवले होते. आठ लहान घनांचा मिळून एक मोठा घन, आणि तो नेमका बसेल अशी सरकत्या झाकणाची लाकडी पेटी. पेटी उपडी करून झाकण ओढले की घन अखंड उभा राहतो; खेळ संपला की तो पुन्हा अखंड करूनच पेटीत जातो. किंडरगार्टन हा शब्दही त्याचाच. पुढील धागा त्या फ्रोबेलवर.