शिबिर संपन्न झालं. पुढं काय?

मंडळी, आज बातमी नाही, थोडा इतिहास. आणि सुरुवात स्वतःपासून.

"प्रथमोपचार प्रशिक्षण शिबिर उत्साहात संपन्न" अशा किती बातम्या मी छापल्या, मोजलेल्या नाहीत. दीपप्रज्वलन, प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो. पण सहा महिन्यांनी त्या गावात परत जाऊन औषधांची पेटी उघडून बघितली? एकदाही नाही.

आपल्या राज्यानं या कामात देशाला वाट दाखवली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडून तयार केल्या. त्यातल्या बऱ्याच दलित, बऱ्याच निरक्षर. बाळंतपण, जुलाबानं सुकलेलं लेकरू, अंगात मुरलेला ताप, सगळं त्या बघू लागल्या. लोक कौतुक करतात ते शिकवण्याचं. खरी गोम वेगळीच होती. या बायका दर आठवड्याला जामखेडला जमायच्या. काय घडलं, कुठं अडलं ते बोलायच्या, नवीन शिकून परत जायच्या. आणि हाताबाहेरची केस पाठवायला मागं दवाखाना होता.

मग हे देशभर करायचं ठरलं. २ ऑक्टोबर १९७७, जनता सरकार, आरोग्यमंत्री राजनारायण. हजार लोकसंख्येमागं एक आरोग्य कार्यकर्ता. ३ महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन, ५० रुपयांची औषधं. कागदावर झकास! पण अनेक ठिकाणी गावातल्या वजनदारांच्या जवळची माणसं निवडली गेली, बहुतेक पुरुषच. औषधं वेळेवर येईनात, विचारपूस करायला कुणी फिरकेना. पगाराची मागणी सुरू झाली. काही वर्षांतच 'कार्यकर्ता'चा 'स्वयंसेवक' झाला, मग 'आरोग्य मार्गदर्शक'. नाव बदलत गेलं, पेटी रिकामीच. हळूहळू योजनाच विरून गेली.

तिसरी गोष्ट गडचिरोलीची. जन्मल्यावर बाळ रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर हातात मोजून काही मिनिटं असतात. तेवढ्यात कुठली गाडी येणार? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाच्या तोंडावर मास्क लावून श्वास द्यायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा, इंजेक्शन द्यायचं, सगळं शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. इथंही तीच गोम. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जायचा. उपचार करायला नाही, आरोग्यदूताचं काम तपासायला आणि चुकलं तिथं समजावून सांगायला.

म्हणजे शिकवणं तिन्ही ठिकाणी होतं. फरक पडला तो नंतर पाठीशी कोण उभं राहिलं याचा.

२००५ पासून आपल्या दारात आशाताई आहेत. काम वर्षभराचं, तरी सरकारदरबारी ती स्वयंसेविका. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे. चांगलीच सोय. पण घाटात, वस्तीवर, रात्रीच्या पावसात गाडी पोचेपर्यंतचा वेळ गावालाच सांभाळायचा असतो. साप चावलेल्याला चालू द्यायचं नाही, घट्ट आवळपट्टी बांधायची नाही, जखमेवर ब्लेड मारायचं नाही, त्याला थेट दवाखान्यात न्यायचं, एवढं माहीत असलेला एक माणूस त्या वेळी लाखमोलाचा.

त्या माणसाला आपण काय देतो? एक प्रमाणपत्र आणि टाळ्या.

म्हणून येत्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. आपल्या गावात प्रशिक्षण घेतलेले कोण आहेत? उजळणी शेवटची कधी झाली? पेटी कोण भरतं? आणि अडलं तर रात्री दोन वाजता त्यांनी फोन कुणाला लावायचा?

उत्तरं मिळाली तर खाली लिहा. नाही मिळाली तरी लिहा, गावाच्या नावासकट. या वेळी बातमी शिबिराची नाही, पेटीची छापेन.