गढी, वाडा, मुक्काम : वऱ्हाडी चौकाची कुळकथा

जुना चौकाचा वाडा डागडुजी करून त्यात दहा-पंधरा खोल्यांचे हॉटेल चालवणे, याला आता बुटीक हॉटेल असे नाव मिळाले आहे. अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडात ही चाल राजस्थानइतकी रुळलेली नाही. पण ज्या घरावर ती उभी राहते, ते घर वऱ्हाडात शेकडो वर्षांचे आहे. या घराचे मूळ दोन ठिकाणी सापडते. एक गावच्या गढीत आणि दुसरे कापसाच्या पेठेत. घराच्या मधोमध मोकळा ठेवलेला चौक मात्र या दोन्हींपेक्षाही जुना आहे.

त्याचा जुना माग महानुभाव वाङ्मयात लागतो. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे या पंथाचे मोठे पीठ. लीळाचरित्र आणि स्थानपोथी या ग्रंथांत चक्रधरस्वामी आणि गोविंदप्रभू जिथे राहिले, बसले, निजले त्या मठ-देवळांच्या जागांची वर्णने आहेत. त्यांत पटिसाळ, सोंडी, आंगण असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. ही वर्णने राहत्या वाड्यांची नव्हेत. पण मध्ये आभाळाखालची जागा आणि तिच्या कडेने छपराची ओसरी, ही मांडणी तेराव्या-चौदाव्या शतकात या मुलखात चांगली परिचयाची होती, हे त्यांवरून कळते. पेशवाई वाड्याची नक्कल म्हणून वऱ्हाडी वाड्याकडे पाहण्याची सवय यासाठीच सोडायला हवी.

राहत्या वाड्याचे थेट पूर्वज म्हणजे गढ्या. अचलपूरच्या इमादशाहीनंतर वऱ्हाड १५७४ मध्ये अहमदनगरकडे आणि १५९६ मध्ये मोगलांकडे गेला. अठराव्या शतकात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांनी इथला महसूल वाटून घेतला. एका गावावर दोन धनी असत. अशा दुअंमली काळात वसुलीचे काम ज्यांच्याकडे, त्या देशमुख-देशपांड्यांना घर आणि किल्ला एकाच जागी बांधावा लागला. गावाच्या उंचवट्यावर पांढऱ्या मातीच्या, तळाशी रुंद आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या भिंती, एकच मोठा दरवाजा, त्याला आडवा अडसर, आत विहीर आणि धान्याची पेवे. बाहेरच्या भिंतीला खिडकी पाडणे म्हणजे लुटारूला वाट दाखवणे. मग उजेड आणि वारा वरूनच घ्यावा लागे. चौक गढीत आला तो असा, संरक्षणाच्या गरजेतून. ऊन अडवण्याचा त्याचा गुण रहिवाशांना रोजच्या वापरात उमगला असावा, आणि भीती सरल्यावरही चौक टिकला तो त्या गुणामुळेच.

शहरातल्या वाड्याची कथा पैशाची आहे. पेंढाऱ्यांच्या धाडीपासून अमरावतीच्या सावकारांना वाचवण्यासाठी निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये शहराभोवती परकोट बांधायला घेतला. अंबागेट, भुसारी गेट, नागपुरी गेट ही नावे आजही त्या परकोटाची आठवण देतात. या भिंतीच्या आत जागा मर्यादित, त्यामुळे वाडे एकमेकांना पाठ लावून उभे राहिले आणि रस्त्याकडे अरुंद, आत मात्र खोल होत गेले. १८४२ मध्ये एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून तो कलकत्त्याकडे पाठवल्याची नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. इतका व्यवहार ज्या पेठेत होतो, तिथले घर म्हणजे कचेरी, तिजोरी, कोठार आणि कुटुंबाचे निवासस्थान हे सगळे एकाच छपराखाली, असे असणारच. अकोल्यात मोर्णेकाठच्या असदगडाच्या आसऱ्याने, बाळापूरला, कारंजा लाडला अशाच वस्त्या वाढल्या. कारंज्याच्या ‘कस्तुरीच्या हवेली’ची आख्यायिका प्रसिद्ध आहे. विकायला आलेली उंटांवरची कस्तुरी तिथल्या धनिकाने विकत घेऊन बांधकामाच्या मसाल्यात कालवली, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, घर हीच श्रीमंतीची साक्ष, ही त्या काळची समजूत तीत पुरेपूर उतरली आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरचा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला. आजच्या जुन्या वस्त्यांत उभे असलेले पुष्कळसे वाडे या तेजीच्या पुढच्या दोन पिढ्यांचे आहेत. मातीच्या जागी भाजलेल्या विटा आल्या, धाब्याच्या जागी कौले आली, रेल्वेने बिडाचे कठडे आणि रंगीत काचा आणल्या. वकील, सावकार आणि मोठे शेतकरी असे नवे मालकही आले. दादासाहेब खापर्डे यांचा अमरावतीतला वाडा हे त्याचे नामांकित उदाहरण. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. लोकमान्य टिळकांसारख्यांचा राबता असलेले ते घर निवासापेक्षा सार्वजनिक बैठकच अधिक होते.

या घरांची रचना नीट समजून घेतल्याशिवाय पुढच्या हॉटेलाचा विचार करता येत नाही. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खणायचा आणि दगडी जोते उंच घ्यायचे. जोत्यावर दगडी तळखडे, त्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घर किती मोठे हे खणांत सांगायचे. सागवान जवळच, मेळघाटात. भार सगळा लाकडी सांगाड्यावर, त्यामुळे माती हलली तरी भिंत भेगाळते, घर पडत नाही. भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा मातीत रचलेल्या विटांच्या, दोन-दोन हात जाडीच्या. त्यांतच कोनाडे, फडताळे आणि धान्याची बळदे. जुन्या घरांवर धाबे असे. तुळयांवर आडव्या फळ्या किंवा काटक्या, वर पालापाचोळा आणि त्यावर मातीचा जाड थर.

दिंडी दरवाजातून आत आले की देवडी, मग पहिला चौक. त्याच्या कडेने ओसरी, जिला वऱ्हाडी बोलीत वसरी म्हणतात. एका बाजूला बैठक. तिथे हिशेब, निवाडे, पाहुणे. चारही बाजूंनी सोपा असला तर वाडा चौसोपी. मोठ्या घरात मागे दुसरा चौक, त्याभोवती माजघर, स्वयंपाकघर आणि देवघर, तो बायकांचा. त्यामागे न्हाणी, परसदार आणि गुरांचा कोठा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जाणे नवे नाही. अशा दिवसांत हे घर ठरलेल्या रीतीने वागते. रात्री चौकातली फरशी आभाळाकडे उष्णता सोडून निवते, गार आणि जड हवा खाली उतरून ओसरीत व खोल्यांत शिरते. सकाळी दारे लोटून घेतली की ती आत टिकते. दुपारचे ऊन जाड भिंतीतून आत येईपर्यंत रात्र होते, आणि तेव्हा माणसे चौकात किंवा धाब्यावर बाजा टाकून निजलेली असतात. म्हणजे हे घर ठिकाण बदलत राहायचे घर आहे: सकाळी ओसरी, दुपारी माजघर, रात्री गच्ची.

पाहुणा या घराला नवा नव्हता. हंगामात येणारे अडते आणि गुमास्ते, कीर्तनकार, तारखेला आलेले पक्षकार, सोयरेधायरे यांची सोय बैठकीत, देवडीवरच्या माडीत होई. पैसे घेऊन राहायला देणे मात्र घरंदाजपणाला शोभत नसे. त्यासाठी व्यापाऱ्यांनी धर्मशाळा बांधल्या. स्वस्त, स्वच्छ, शिस्तीच्या मुक्कामाची ती परंपरा शेगावच्या भक्तनिवासांत आजही भक्कम आहे.

वाड्यांची पडती त्यांच्या उभारणीइतकीच पैशाशी बांधलेली. इंग्रजी रयतवारी आल्यावर देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम गेले आणि हाती तनखा उरला. गढीला राखायला माणसे परवडेनात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वारस वाढले, १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने मोठ्या शेतीचा आधार काढला. एका वाड्याचे दहा-बारा वाटेकरी झाले, चौकात विटांच्या आडभिंती चढल्या. गळणारे छप्पर कुणी दुरुस्त करायचे यावर एकमत होईना. धाब्याची माती दर पावसाळ्याआधी चोपावी लागते. हे चोपणे चार वर्षे राहिले की तुळयांत पाणी मुरते. मग सागवान विकले जाते, कोरीव खांब आणि दरवाजे दूरच्या फार्महाउसांत जाऊन बसतात. गढ्यांची पांढरी माती तर गावकऱ्यांनीच घरे सारवायला, विटा पाडायला खणून नेली. हे नुकसान भरून निघणारे नाही.

दुसरीकडे हॉटेलाचे कूळ वेगळ्याच वाटेने वाढत होते. जयपूरचा रामबाग महाल १९५७ मध्ये आणि उदयपूरचा जगनिवास १९६३ मध्ये हॉटेल झाला. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर ही वाट अनेकांनी धरली. नीमराणाचा पडका किल्ला १९८६ मध्ये विकत घेऊन १९९१ मध्ये पाहुण्यांसाठी उघडला गेला, आणि उद्ध्वस्त वास्तूही हॉटेल म्हणून जगवता येते हे सिद्ध झाले. केंद्र सरकारने अशा हॉटेलांचा ‘हेरिटेज’ हा वेगळा वर्ग केला. १९५० पूर्वीची वास्तू ही त्याची मूळ अट. याच सुमारास लंडनचे ब्लेक्स (१९७८) आणि न्यूयॉर्कचे मॉर्गन्स (१९८४) यांनी थोड्या खोल्यांचे, स्वतःचा चेहरा असलेले हॉटेल लोकप्रिय केले. या दोन प्रवाहांचा संगम म्हणजे वाड्यातले बुटीक हॉटेल.

मराठी मुलखाशी नाते सांगणारी दोन उदाहरणे ठळक आहेत. महेश्वरला होळकरांच्या किल्ल्यातला अहिल्यावाडा २००० मध्ये रिचर्ड होळकर यांनी पाहुण्यांना खुला केला. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांची १७१० ची गढी विठ्ठल कामत यांनी ‘फोर्ट जाधवगड’ म्हणून चालवायला घेतली. पण वऱ्हाडने आदर्श शोधायचा तर तो राजेरजवाड्यांत नव्हे, व्यापाऱ्यांच्या घरांत शोधावा. अहमदाबादला सिदी सय्यद मशिदीसमोर गिरणीमालक मंगळदास गिरधरदास यांचे १९२४ चे घर आज हॉटेल आहे. चेट्टिनाडातल्या सावकारांची चौकवाली घरे, मोरोक्कोत मराकेशचे ‘रियाद’ हीच वऱ्हाडी वाड्याची खरी भावकी: रस्त्याला पाठ, आत चौक, आठ-दहा खोल्या आणि उष्ण हवा.

वऱ्हाडात हे काम करताना पहिली गाठ पडते ती पाण्याशी. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्यात चुना कालवला तर क्षार भिंतीत जातात, पाणी उडाले की पृष्ठभागावर फुलतात आणि विटांचे पापुद्रे निघतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. म्हणून मसाल्याला गोडे पाणी आणावेच लागते. दुसरे पथ्य सिमेंटचे. जमिनीतून चढलेली ओल मातीच्या भिंतीला बाहेर टाकता यायला हवी. सिमेंटचा गिलावा ती वाट बंद करतो आणि भिंत आतून कुजते. त्याजागी भिजवून मुरवलेला, घाण्यात मळलेला चुना, त्यात गुळाचे पाणी, बेलफळ, हिरडा, ताग हा जुनाच मसाला योग्य. तो जाणणारे गवंडी कमी उरलेत, आणि खर्चाचा मोठा भाग त्यांना शोधण्यात व शिकवण्यात जातो.

खरी कसोटी न्हाणीघराची. वाड्यात पाण्याची जागा एकच, मागे. हॉटेलात ती प्रत्येक खोलीला लागते. मातीच्या भिंतीत नळ दडवले की गळती कळेपर्यंत तुळई सडलेली असते. त्यामुळे न्हाणीघरे मूळ भिंतींपासून सुटी, जमिनीलगत, एकावर एक घेणे आणि नळ उघडे ठेवणे शहाणपणाचे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे वातानुकूलनाच्या सोयीसाठी चौकावर काच किंवा पत्रा टाकणे. तसे केले की हवा फिरायची थांबते, भिंती तापतात आणि यंत्रावरचा भार वाढतच जातो. चौक झाकलेले हॉटेल वाड्यात असले तरी वाड्याचे नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पाहुण्यांची वानवा पडू नये. मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी आहे. चिखलदरा, गाविलगड, नरनाळा, रिद्धपूर, शेगाव आणि लोणार हा सगळा फेरा अमरावती-अकोल्याला मुक्काम ठेवून होतो, आणि एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी सेवाही सुरू झाली आहे. राज्याची निवास-न्याहारी योजना घराघरांत पाहुणे ठेवायला वाट देते. दोन-तीन खोल्यांपासून सुरुवात करणाऱ्या वाडेकऱ्याला तीच परवडेल. सगळे वाडे हॉटेल होणार नाहीत, व्हायचीही गरज नाही. पण ज्या वाटेकऱ्यांनी वाडा पाडायचे ठरवले आहे, त्यांनी त्याआधी एकदा खण मोजून त्याचा नकाशा काढून घ्यावा, छायाचित्रे घ्यावीत आणि सागवानाचा भाव विचारण्याआधी जुने बांधकाम जाणणाऱ्या एखाद्या वास्तुविशारदाला तो दाखवावा.