सहवीजनिर्मिती : शाहूवाडी-पन्हाळा परिसर

एकाच इंधनाच्या उष्णतेतून आधी वीज काढायची आणि उरलेल्या उष्णतेवर कारखान्याचे काम चालवायचे, या पद्धतीला सहवीजनिर्मिती म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात ती उसाशी बांधलेली आहे. शाहूवाडी तालुक्यात सोनवडे-बांबवडे येथे साखर कारखाना आहे, शेजारच्या पन्हाळा तालुक्यात वारणानगरचा तात्यासाहेब कोरे वारणा कारखाना आहे, आणि जिल्ह्यातली गुऱ्हाळे तर कारखान्यांच्याही आधीची. दोन्हीकडे उसाचा चोथाच जळतो. गुऱ्हाळावर ते चिपाड, कारखान्यात बगॅस. कामही एकच, रसातले पाणी उडवणे. तरी कारखान्याला त्याच इंधनातून वीज मिळते आणि गुऱ्हाळाला मिळत नाही. हा फरक समजला की उष्णतेपासून वीज करण्याच्या मर्यादेचा बहुतेक भाग समजतो. उष्णता किती वाया गेली, हा प्रश्न सगळे विचारतात. ती कोणत्या तापमानाला खर्ची पडली, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने 1824 मध्ये दाखवून दिले की उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राची कमाल कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर ठरते : उष्णता जिथून घेतली ते आणि जिथे सोडली ते. इंधन कोणते, यंत्र कोणी बांधले, याला तिथे स्थान नाही. केल्विन मापात मोजलेल्या थंड तापमानाला तप्त तापमानाने भागून तो भागाकार 1 मधून वजा केला की ही मर्यादा मिळते. 540 अंश सेल्सिअसला उष्णता घेऊन 45 अंशांना सोडणाऱ्या आदर्श यंत्राची मर्यादा सुमारे 61 टक्के येते. प्रत्यक्षातली कोळशाची केंद्रे 35 ते 40 टक्क्यांच्या आसपास राहतात. 1969 मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतली वाफ 300 अंशांपर्यंतही पोचत नाही, म्हणून अणुइंधनात अफाट ऊर्जा असूनही तिथे उष्णतेच्या एक तृतीयांशाहून कमीच भाग विजेत उतरतो. इंधनाच्या श्रीमंतीने तापमानाची उणीव भरून निघत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा महाराष्ट्रात शोधावा लागणार नाही.

आता गुऱ्हाळ पाहू. चुलवाणात जाळ कित्येक शे अंशांचा असतो. वर काहिलीतला रस शंभर अंशांच्या थोडा वर उकळतो आणि गूळ उतरवताना जेमतेम 115 ते 120 अंशांना पोचतो. चुलवाण चांगले बांधलेले असले तर उष्णता बरीचशी रसाला मिळते. पण जाळ आणि रस यांच्यामधली तापमानाची मोठी उतरण काहीच काम न करता संपून जाते. कारखान्याने नेमकी हीच उतरण धरली. बॉयलरमधली वाफ आधी टर्बाईनमधून जाते, तिथे वीज देते, आणि सुमारे 125 ते 130 अंशांची एक्झॉस्ट वाफ रस आटवायला जाते. रसाला त्याहून जास्त तापमान लागतच नाही. शिवाय इव्हॅपोरेटरच्या एका भांड्यात रसातून निघालेली वाफ पुढच्या, कमी दाबाच्या भांड्यातला रस उकळते; गुऱ्हाळावर तीच वाफ थेट आभाळात जाते.

जुने कारखानेही वाफ टर्बाईनमधून नेत होते, पण त्यांचे बॉयलर 21 किलो दाबाचे असत. एक टन उसातून 280 ते 300 किलो बगॅस निघतो आणि त्यात निम्मे पाणी असते. तो साठवण्यापेक्षा जाळून टाकणे सोयीचे होते, त्यामुळे बॉयलर कार्यक्षम असण्याची गरजच कोणाला वाटत नव्हती. टनामागे वीस-तीस युनिटे निघत, ती कारखान्यालाच लागत. आज 87 किंवा 110 किलो दाबाचे बॉयलर टनामागे शंभराहून अधिक युनिटे देऊ शकतात. दाब वाढला की पाणी अधिक तापमानाला उकळते : 21 किलोला सुमारे 215 अंश, 110 किलोला सुमारे 318 अंश. उष्णता अधिक वरच्या पायरीवर घेतली जाते. कार्नोचेच सूत्र इथे रुपयांत उतरते. 2003 च्या वीज कायद्याने सहवीजनिर्मितीला अक्षय ऊर्जेच्या बरोबरीने प्रोत्साहन देण्याची जबाबदारी राज्य आयोगांवर टाकली, ती योग्यच होती.

एक आक्षेप नेहमी येतो : औष्णिक केंद्राच्या कूलिंग टॉवरमधून जाणारी प्रचंड उष्णता पुन्हा विजेत का बदलत नाहीत? ती 45 अंशांची आणि भोवतालची हवा 30 अंशांची. मर्यादा पाच टक्क्यांच्याही आत येते, आणि पंपांचे खर्च, घर्षण हे त्यातूनच भागवायचे. दुसरा आक्षेप फिरत्या भागांविना वीज देणाऱ्या थर्मोइलेक्ट्रिक पट्ट्यांचा. त्या कार्नोच्या मर्यादेखालीच चालतात, आणि बाजारात मिळणाऱ्या पट्ट्या तर वाफेच्या टर्बाईनच्याही बऱ्याच मागे आहेत. कोयनेच्या जलविद्युत यंत्रांना ही मर्यादा लागू नाही हे खरे, कारण तिथे उष्णता मधे येतच नाही. पाण्याची उंची सरळ कामात बदलते.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सहवीज प्रकल्पाची कार्यक्षमता सत्तर-ऐंशी टक्के सांगितली जाते, ती फसवी नाही का? काही अंशी आहे. त्या आकड्यात एक युनिट वीज आणि 127 अंशांची एक युनिट उष्णता सारख्याच किमतीने मोजलेली असते. त्या उष्णतेतून मात्र 45 अंशांपर्यंत उतरताना आदर्श यंत्रही एक पंचमांशच वीज काढू शकेल. म्हणून प्रकल्पांची तुलना या बेरजेवर करू नये. रसाला लागणारी वाफ पुरवून टनामागे किती वीज उरली, हेच मोजावे. गाळप थांबल्यावर साठवलेल्या बगॅसवर टर्बाईन चालवली, तर एक्झॉस्ट वाफ घेणारा रसच उरत नाही. वाफ कंडेन्सरमध्ये जाते आणि सहवीज प्रकल्प त्या काळापुरते लहानसे औष्णिक केंद्र होते. त्या महिन्यांची वीज हंगामातल्या विजेत मिसळून सांगू नये, वेगळी नोंदवावी.