चार आण्यांची होडी

आमच्या इंदापूर तालुक्यात भीमेकाठी पूर्वी एकट्याची विहीर क्वचितच असायची. खणायला पैका लागायचा, खडक लागला की सुरुंग आले. मग भाऊबंद मिळून खणायचे आणि रुपयाच्या सोळा आण्यांत हिस्से पाडायचे. कुणाचे आठ आणे, कुणाचे चार, एखाद्याचे दोनच. 1957 साली नवे पैसे आले, आणे बाजारातून गेले, विहिरीवर मात्र राहिले. पाळीही त्याच हिशेबानं. आठ दिवसांच्या फेऱ्यात चार आणेवाल्याची मोट दोन दिवस चालायची. गाळ काढायचा तर खर्चही आण्यांवर. सातबाऱ्याच्या इतर हक्कात हिस्सा लिहिलेला असे, पण भांडण मिटायचं ते पाराजवळ. हिस्सा विकायचा झाला तर आधी हिस्सेदारांना विचारायचं, ही रीत.

1969 साली उजनीचं काम सुरू झालं आणि 1980 साली धरण पुरं झालं. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत अशा तालुक्यांतल्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पळसदेवचं जुनं देऊळ गेलं. आमची चार आण्यांची विहीरही गेली. मी तेव्हा विशीत होतो.

पाच-सहा वर्षांनी आम्ही चौघांनी होडी घेतली. एक शाळेतले मास्तर, एक वायरमन, एक किराणावाले शेठ आणि मी. काठावरच्या एका भोयाची जुनी पत्र्याची होडी, बाराशे रुपयांना. तीनशे तीनशे काढले. मासे धरायचे नव्हते, उतारू न्यायचे नव्हते. निव्वळ हौस. आई म्हणाली, "ज्या पाण्यानं गाव गिळलं त्याच्यावर खेळायला जातूस व्हय रं?" मी काही बोललो नाही. काय बोलणार?

पहिल्याच उन्हाळ्यात मास्तर आणि मी पाणी उतरलेलं बघून जुन्या शिवारावर गेलो. बांध नाही, झाड नाही, खुणा कशाच्या धरायच्या? लांबच्या टेकडीवरून अंदाज घेत मी बांबू खाली सोडत होतो. गाळ, गाळ, पुन्हा गाळ. एकदा खण्णकन दगड लागला. थोडं पुढं पुन्हा लागला, सरळ रेषेत. ते आमच्या मोटेचं थारोळं होतं. पुढच्या हाताला बांबू अख्खा गेला तरी तळ लागेना. मास्तर म्हणाले, "बसा खाली, होडी कलंडंल." मी बराच वेळ बांबू धरून बसलो होतो.

होडीचे नियम आम्ही विहिरीवरूनच घेतले, दुसरे ठाऊकच नव्हते. प्रत्येकी चार आणे. आठवड्याची पाळी. नेणाऱ्यानं आत आलेलं पाणी उपसून, साखळी लावून, किल्ली शेठच्या दुकानात ठेवायची. पावसाळ्याआधी डांबर चौघांनी मिळून. चारापेक्षा जास्त माणूस बसवायचा नाही. दुपारनंतर वारं सुटलं की उजनीचं पाणी समुद्रासारखं उसळतं.

पण विहिरीचा नियम होडीला पुरला नाही. उसाला तहान रोज लागते, म्हणून पाळी सगळ्यांना सारखीच मोलाची. हौसेला रविवारच लागतो. मास्तरांना तर दुसरा दिवसच नाही. मग पाळी मोडून रविवारी चौघं एकदम जाऊ लागलो, आणि खरं सांगायचं तर तेच बरं झालं. भाकरी बांधून न्यायची, हिवाळ्यात लांबून रोहित पक्षी बघायचे, गप्पा मारायच्या. शेठ पाण्याला भ्यायचे, वर्षातून दोनदा यायचे, पण डांबराचे पैसे पहिले त्यांचे. आमच्यात कधी हिशेबावरून शब्द गेला नाही तो शेठमुळं.

शब्द गेला तो वायरमनची बदली झाली तेव्हा. त्यानं आम्हांला न विचारता हिस्सा एका तिऱ्हाइताला विकला. मी म्हणालो, "आधी हिस्सेदारांना विचारायचं असतं." तो म्हणाला, "विहीर जमिनीला चिकटलेली असती दादा, होडी न्हाय." तिऱ्हाईत रात्रीचा जाळी टाकायला लागला. सकाळी होडीत चिलापीचे खवले आणि तुटलेली दोरी. मासेमारीचा ठेका दुसऱ्याचा, त्याची माणसं दारात आली ती माझ्या. शेवटी आम्ही तिघांनी पाचशे रुपये देऊन तीनशेचा हिस्सा सोडवून घेतला. वायरमनशी मी चार वर्षं बोललो नाही. पुढं त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो, तेव्हा त्यानंच पहिल्यांदा विचारलं, "होडी हाय का अजून?"

तेव्हा होती. नंतर तळाचा पत्रा गंजला, मास्तर निवृत्त होऊन पुण्याला गेले, शेठ वारले. त्यांच्या पोरानं हिस्सा मागितला नाही, मी विचारला तर हसला. आता तिचा धड राहिलेला अर्धा भाग माझ्या गोठ्यात आहे. म्हशींना पाणी पाजायला बरा पडतो. मास्तर गावाकडं आले की अजून वाकून बघतात, गळतंय का.