मोगलाईतील क्लोरोफॉर्म

मराठवाड्यातील शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना आपण सहसा नांदेडच्या १९८८ मधील आणि लातूरच्या २००२ मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपासून आरंभ करतो. ते सोयीचे आहे, पण फार उशिराचे. त्याच्या शंभर वर्षे आधी हा सारा मुलूख मोगलाईत होता, आणि भुलीच्या शास्त्रातील एक जगभर गाजलेला वाद निजामाच्या राजधानीत, निजामाच्याच पैशाने लढवला गेला. त्या खजिन्यात मराठी जिल्ह्यांचा शेतसाराही जमा होत असे. एवढ्यासाठी तरी तो आपल्या इतिहासाचा भाग मानला पाहिजे असे आम्हांला वाटते.

वाद असा होता. १८४७ मध्ये एडिंबरोच्या सिम्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणला आणि दुसऱ्याच वर्षी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढवून घेताना भुलीत दगावली. का? लंडनकर म्हणत, हृदय अकस्मात बंद पडते, म्हणून नाडीवर हात ठेवा. एडिंबरोचे साइम म्हणत, श्वासाकडे पाहा, नाडीकडे पाहू नका. याच साइम यांचे शिष्य एडवर्ड लॉरी हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन आणि तिथल्या वैद्यकशाळेचे प्रमुख होते. आपण हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिला आणि तो निर्धोक ठरला, हे त्यांचे ठाम प्रतिपादन होते.

१८८८ मध्ये लॉरींनी पहिले 'क्लोरोफॉर्म कमिशन' भरवले. 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय पत्राने शंका घेतली, तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले : तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर प्रयोग होतील. (आजच्या संशोधकाला हेवा वाटावा असा आश्रयदाता!) १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले. हृदयालाच खरा धोका, असे मानणारे हे गृहस्थ चारशेहून अधिक प्राण्यांवरील प्रयोगांनंतर मत बदलून परतले. निष्कर्ष : श्वास आधी थांबतो, हृदय नंतर.

प्रयोग खोटे नव्हते. चूक होती ती प्रश्नाच्या मांडणीत. खोल भूल दिलेल्या कुत्र्याचे हृदय खरोखरच श्वासानंतर थांबते. पण माणसे बऱ्याचदा भूल पुरती चढण्याआधी, पहिल्या काही मिनिटांतच मरत होती. पुढे लॉरींच्याच प्रयत्नाने केंब्रिजमध्ये गॅस्केल आणि शोर यांनी प्रयोग केले, आणि १८९३ मध्ये क्लोरोफॉर्म थेट हृदयालाच दुबळे करतो, असे त्यांनी दाखवले. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी उलगडा पूर्ण केला. अर्धवट भुलीत शरीरात अॅड्रेनालिन उसळले, तर हृदयाची लय मोडते आणि ते थरथरत बंद पडते. अॅड्रेनालिन म्हणजे भीतीच्या क्षणी अंगात उसळणारा स्राव. घाबरलेला रुग्ण हाच सर्वांत धोक्यात होता, आणि चारशे प्राण्यांच्या त्या नोंदीत नेमका त्यालाच जागा नव्हती. लॉरींच्या हजारो यशस्वी शस्त्रक्रियांनी तो प्रश्न झाकला गेला. संख्येच्या जोरावर शंका मिटवण्याची ही रीत वाङ्मयेतिहासकारांनाही अपरिचित नाही.

याच वैद्यकशाळेतून १८८९ मध्ये रूपाबाई फर्दुनजी उत्तीर्ण झाल्या. जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ असा त्यांचा उल्लेख केला जातो. पुढे त्या एडिंबरोलाही शिकून आल्या आणि हैदराबादेत वर्षानुवर्षे रुग्णांच्या उशाशी उभ्या राहून भूल देत राहिल्या. कमिशनच्या कथेत त्यांचे नाव ओझरतेच येते. आमच्या मते अभ्यास करावा तो त्यांचा : पडदानशीन स्त्रियांपासून तेलुगू, मराठी, उर्दू बोलणाऱ्या साऱ्यांपर्यंत, अनोळखी वासाने बिथरलेल्या माणसाला त्या कोणत्या भाषेत धीर देत असतील?

क्लोरोफॉर्म आता शस्त्रक्रियागृहांतून गेला आहे. बोटाला लावलेला चिमटा नाडी आणि रक्तातील प्राणवायू दोन्ही एकाच पडद्यावर दाखवतो, आणि लॉरी व लंडनकर यांचे भांडण त्या दोन आकड्यांत शेजारी शेजारी नांदते. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ रुग्णाच्या खाटेशी येतात, आधीचे आजार विचारतात, दात हलतात का ते पाहतात, आणि भीती वाटते का, हेही विचारतात.