आंतरराष्ट्रीय मानवी हक्क करार आणि भारत : मुंबईच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

साकीनाक्यासारख्या अंधेरी-कुर्ला मार्गालगतच्या भागात लघुउद्योगांचे गाळे आणि कामगारांच्या झोपड्या एकमेकांना खेटून उभ्या आहेत. येथील रहिवाशाच्या दृष्टीने मानवी हक्क म्हणजे राहती जागा, रोजगार आणि पोलीस ठाण्यात मिळणारी माणुसकीची वागणूक होय. भारताने स्वीकारलेले आंतरराष्ट्रीय करार या माणसापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

जाहीरनामा ते करार :

मुंबई प्रांतातून घटना समितीवर निवडून गेलेल्या हंसा मेहता यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर भारताचे प्रतिनिधित्व केले. १९४८ च्या वैश्विक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ अशी शब्दयोजना झाली, ती मुख्यतः त्यांच्या आग्रहामुळे. पुढे भारताने वंशभेद निर्मूलन करारास १९६८ मध्ये अनुसमर्थन दिले. मात्र १९६६ चे दोन मूलभूत करार, म्हणजेच नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा करार, भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारले. आणीबाणीचा अनुभव ताजा होता आणि मोरारजी देसाई पंतप्रधान होते, ही पार्श्वभूमी येथे लक्षात घ्यावी लागते. त्याच सुमारास ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) जीविताच्या हक्काची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली.

मुंबईतील कसोटी :

करार स्वीकारल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, जुलै १९८१ मध्ये, मुंबईतील पदपथांवरील व झोपड्यांतील रहिवाशांना हटविण्याची मोहीम राज्य शासनाने जाहीर केली. त्यातून ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. निकालाची उभारणी घटनेच्या कलम २१ वर आणि मार्गदर्शक तत्त्वांवर होती. तथापि पदपथावर वास्तव्य करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पावसाळा संपेपर्यंत हटवू नये आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असे काही संरक्षण मिळाले. तत्त्व व्यापक, पण दिलासा मर्यादित, असे या निकालाचे स्वरूप होते.

आक्षेप आणि न्यायालये :

आंतरराष्ट्रीय करार भारतात आपोआप कायदा बनत नाही. कलम २५३ नुसार संसदेने कायदा करावा लागतो. शिवाय १९७९ मध्ये भारताने काही राखीव भूमिका नोंदविल्या. बेकायदेशीर अटकेबद्दल शासनाकडून नुकसानभरपाई मिळविण्याचा हक्क भारतीय कायद्यात नाही, ही त्यांपैकी एक. असे असूनही १९९३ च्या निलाबती बेहेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतील मृत्यूबद्दल भरपाई दिली आणि त्याच कराराचा आधार घेतला. १९९७ च्या विशाखा निकालात, भारताने १९९३ मध्ये अनुसमर्थन दिलेल्या स्त्रीविषयक भेदभाव निर्मूलन कराराच्या आधारे कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या संरक्षणाचे नियम घालून दिले गेले. त्यासंबंधीचा कायदा मात्र २०१३ मध्ये झाला.

अपूर्ण सहभाग :

छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली. अनुसमर्थन मात्र अद्याप दिलेले नाही. २०१० मध्ये लोकसभेने संमत केलेले विधेयक कायदा होऊ शकले नाही आणि २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचा पहिला ऐच्छिक जोडकरारही भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे देशांतर्गत न्यायमार्ग संपल्यावर व्यक्तीला त्या कराराच्या समितीकडे तक्रार करता येत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, भारताचा सहभाग जाहीरनामा घडविण्यात अग्रेसर, करार स्वीकारण्यात सावध आणि अंमलबजावणीत न्यायालयांवर विसंबलेला राहिला आहे. न्यायालयापर्यंत पोहोचण्यासाठी वेळ, पैसा व कागदपत्रे लागतात. साकीनाक्याच्या झोपडीतील कामगाराजवळ नेमकी त्यांचीच वानवा असते. म्हणूनच भारताच्या सहभागाचे मोजमाप केवळ अनुसमर्थनांच्या संख्येवरून न करता, त्या हक्कांसाठी सामान्य माणसाला कोर्टाची पायरी किती वेळा चढावी लागते, यावरून होणे अधिक न्याय्य ठरेल.