उल्केची तडतड

यवतच्या शिवारात रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारा शेतकरी हा आकाशाचा जागता साक्षीदार. मोठी उल्का जाताना तडतड ऐकू आली असं तो म्हणाला, तर शिकलेला माणूस बहुधा हसेल. ८० किलोमीटर उंचीवरचा आवाज जमिनीवर यायला चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. मग उजेडाबरोबरच तो ऐकू कसा येईल?

हे हसणं जुनं आहे. मार्च १७१९ मध्ये इंग्लंडवरून एक प्रचंड अग्निगोल गेला. एडमंड हॅले यांनी साक्षी जमवल्या, त्याची उंची ६० मैलांहून अधिक काढली आणि जवळून सुसकारा ऐकल्याचं सांगणाऱ्यांना भास झाला असं ठरवून टाकलं. गणित बरोबर होतं; निकाल मात्र घाईचा.

आपल्याकडे वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त उल्कांचे पाच प्रकार सांगितले: धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा. अशनी मोठा नाद करत पडते, विद्युत तडतडते. ही विद्युत म्हणजे पावसाळ्यातली वीजच असावी, अशी शंका मलाही येते. तरी दोन आवाज त्याने वेगळे ठेवले, हे खरं.

मोठा नाद महाराष्ट्राने अलीकडेही ऐकला आहे. २२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात दगड पडले तेव्हा स्फोटासारखा आवाज झाला. ध्वनीहून वेगाने येणारी वस्तू हवा दाबत येते, त्याचा हा धडाका; तो उजेडानंतरच पोहोचतो. तडतडीचं कोडं निराळं.

१९८० मध्ये ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्रज्ञ कॉलिन के यांनी एक तर्क मांडला. उल्केमागची तापून विद्युतभारित झालेली हवा, म्हणजे प्लाझ्मा, खळबळत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला पीळ घालते. पीळ सुटताना फार कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी निघतात आणि प्रकाशाच्याच वेगाने खाली येतात. कानाला त्या कळत नाहीत. पण जवळचे केस, पानं थरथरली तर ती थरथर ऐकू येते. २०१७ मध्ये रिचर्ड स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून साधी वाट दाखवली. अतितेजस्वी उल्केचा उजेड इतक्या झपाट्याने कमीजास्त होतो की केस, पानं, कापड क्षणाक्षणाला किंचित तापतात, निवतात आणि लगतची हवा हलते. मला हाच तर्क अधिक पटतो, कारण त्यात साक्षीदाराच्या अंगाखांद्यावरच्या वस्तू पुरतात.

यवतच्या त्या शेतकऱ्याभोवती तर वाळलेलं पाचट असतं. त्याला एवढंच विचारायला हवं: आवाज उजेड असतानाच आला की नंतर, आणि तेव्हा तुम्ही उसात होता की बांधावर?